जत्रेतला पट आणि मांडवीतली जहाजे

जत्रेत खाज्यांच्या दुकानांमागे जुगाराचा पट कुठे मांडतात, हे गोमंतकीयाला सांगायला नको. १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा. मग त्याच कायद्यात कलम १३-अ घुसले. १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रे आली आणि १९९६ साली जहाजांवर जुगाराची टेबले.

गुजरातेत १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. म्हणून सुरतेचा हौशी माणूस पणजी गाठतो, मांडवीतल्या जहाजावर चढतो आणि राजरोस खेळतो. गोंयकाराला मात्र फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी! म्हणजे हे व्यसन आहे, हे सरकारलाही ठाऊक आहे. आपल्या पोरांना नको, पाहुण्यांच्या पोरांना चालेल, कारण तिजोरीत परवान्याचे शुल्क पडते. (सुरतेतही आयाबाया आहेतच की.) जत्रेतल्या पटावर पोलिसांनी धाड जरूर घालावी. पण परतताना मांडवीकडे पाहूसुद्धा नये?