चित्राचा नकार



चित्र केवळ ‘हे आहे’ एवढेच सांगते, ‘हे नाही’ असे म्हणू शकत नाही, हे मागील अंकातील लेखाचे प्रतिपादन नवे नाही. अमेरिकी अभ्यासक सोल वर्थ यांनी ते १९७५ मध्येच मांडले होते. हॉर्नवर तिरपी लाल रेघ मारलेल्या फलकाने या मताचे खंडन होत नाही, हेही मान्य करावे लागेल, कारण ती रेघ शिकून घेतलेला संकेत असून तिने मनाई होते, विधान खोटे ठरत नाही.

मात्र जर्मन कलावंत जॉन हार्टफील्ड यांच्या १९३२ च्या प्रसिद्ध छायाजुळणीकडे, म्हणजे वेगवेगळी छायाचित्रे कापून जोडलेल्या चित्राकडे, लेखात दुर्लक्ष झाले आहे. तीत सलामीसाठी मागे वळलेल्या हिटलरच्या तळहातावर पाठीमागे उभा असलेला, चौकटीत चेहराही न मावणारा धिप्पाड धनिक नोटा ठेवतो, आणि लाखो लोक पाठीशी असल्याचा नाझींचा दावा तिथल्या तिथे उलटतो. मथळ्याचा आधार येथे आहेच, परंतु त्यातील बोधवाक्य तो दावाच उद्धृत करते. खंडन करते ते चित्र, आणि तेही पुराव्याने नव्हे तर दोन आकारांच्या मांडणीने, ही त्याची मर्यादाही म्हणता येईल. नकाराला आधी कुणाचे तरी विधान लागते, ही अट भाषेतही बहुधा असतेच. तेव्हा सुटे चित्र समोर ठेवून काढलेला लेखातील निष्कर्ष टिकणारा नाही.

— एक वाचक