म्हातारी ‘वेडी झाली’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, डहाणू-तलासरीत साठीची बाई अचानक बरळू लागली, माणसे विसरू लागली, की आधी भगताला बोलावतात. कधी ‘भुताळी’ हा शिक्काही बसतो. शहरात भगताच्या जागी झोपेची गोळी येते. मेंदूला सूज तर नाही ना, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते, असा हा आजार. त्याचा उतारवयात आढळणारा एक प्रकार २०१० साली नीट ओळखला गेला. त्यात अनेकदा रक्तातले सोडियम घटते, चेहरा व हात क्षणभर आखडतात. वेळेत स्टेरॉइड मिळाले तर बरेच रुग्ण सुधारतात. उशिराने स्मृती कायमची जाऊ शकते. हा प्रकार पुरुषांत अधिक दिसतो. शिक्का मात्र बहुधा बाईवरच बसतो.

म्हणून मी सुचवते: बदल वर्षांत झाला की आठवड्यांत, हे घरच्यांना विचारा. आठवड्यांत झाला असेल तर सोडियम, ईईजी आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीचा आग्रह धरा. छळाविरुद्ध २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायद्याने मेंदूची सूज उतरत नाही. या तपासण्या गरीब बाईच्या आवाक्यात आणा, ही मागणी आपल्यालाच लावून धरावी लागेल.