रिव्हॉल्वरचं वय

मागच्या शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. "लॅपटॉप घेऊन ये. मोठ्या पडद्यावर काही फोटो बघायचेत. आणि घरी कुणाला बोलू नकोस."

काका बडी चावडीजवळ राहतात. मी माधापूरला. शनिवारी सुलतान बाजारात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य, म्हणून मेट्रोने गेलो. काकांना जुन्या वस्तूंचा नाद आहे, हे आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पानदान, ग्रामोफोन, निजामाच्या काळातली नाणी. पण या वेळी फोटोत होतं रिव्हॉल्वर!

एका मध्यस्थाने ते आणलं होतं. म्हणजे वस्तू त्याच्याकडेच, काकांकडे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आठ फोटो. "साब, सत्तावन के गदर का माल है," असं त्याने सांगितलेलं. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रोहिल्यांना घेऊन रेसिडेन्सीवर हल्ला केला, तेव्हा एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या हातात हेच होतं म्हणे. किंमत दीड लाख. दहा हजार इसार काकांनी देऊन टाकला होता, बाकीचे सोमवारी.

"काका, कशाला पण?"

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपले पणजोबा रेसिडेन्सीत कारकून होते. तेव्हा आपलं घर अफजलगंजात. १९०८च्या मुसीच्या पुरात सगळं गेलं. एक तांब्यासुद्धा उरला नाही. त्या काळाचं काहीतरी घरात असावं, एवढंच."

यावर काय बोलणार? मी लॅपटॉप उघडला.

माझ्या कामात एक साधा नियम आहे. जुनी सिस्टीम हातात आली की तिचं वय सगळ्यात जुन्या फाइलवरून ठरवायचं नाही, सगळ्यात नव्या भागावरून ठरवायचं. त्या भागाचा जन्म होण्याआधी ती आजच्या रूपात असूच शकत नाही. बंदुकीलाही हाच नियम लागू पडतो.

पहिला फोटो उघडलेल्या रिव्हॉल्वरचा. नळी बिजागरीवर पुढे झुकलेली, चक्राची सहाही भोकं आरपार, म्हणजे पितळी काडतुसं मागून भरायची. १८५७ साली इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे अ‍ॅडम्स किंवा कोल्ट बनावटीची रिव्हॉल्वरं असत. ती ठासणीची. चक्रात पुढून दारू आणि गोळी भरायची आणि मागे प्रत्येक घराच्या बोंडीवर एकेक टोपी बसवायची. फोटोत ना बोंड्या होत्या, ना ठासायचा दांडा.

दुसऱ्या फोटोत नळीच्या वरच्या पट्टीवर नाव होतं. मोठं केल्यावर स्वच्छ वाचता आलं: 'वेब्ले अँड स्कॉट लिमिटेड'. बर्मिंगहॅमच्या वेब्लेंची कंपनी आणि स्कॉट यांची कंपनी १८९७ साली एकत्र आल्या. 'वेब्ले अँड स्कॉट लिमिटेड' हे सुटसुटीत नाव त्यांनी १९०६ साली घेतलं. म्हणजे कितीही ताणलं तरी ही वस्तू १९०६च्या आधीची नाही. बंडाला तेव्हा ४९ वर्षं होऊन गेली होती.

तिसऱ्या फोटोत चक्रावर मुकुटाचे बारीक ठसे होते. इंग्लंडमध्ये बंदूक विकण्याआधी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जादा दारू भरून ती उडवून बघतात. टिकली की ठसा मारतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ सालापासून हे काम करतंय. ठशांची चित्रं काळानुसार बदलत गेली, त्यामुळे तज्ज्ञांना त्यावरून काळ सांगता येतो. इथला ठसा बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा होता. बिनधुराची दारू मुळात निघाली १८८४ साली, फ्रान्समध्ये.

आणि मुठीजवळ कोरलेलं 'हैदराबाद १८५७'? आजूबाजूचं लोखंड काळवंडलेलं आणि अक्षरांच्या खाचा मात्र चकचकीत. कोरायला काय, कालही कोरता येतं!

काका अजून हार मानत नव्हते. "पण कागद आहे ना सोबत." पिवळा पडलेला कागद, वळणदार इंग्रजी अक्षर, त्याच अधिकाऱ्याचं नाव, साल १८५७, पत्ता 'रेसिडेन्सी, सुलतान बाजार'.

मी तो पत्ता मोठ्याने वाचला. आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, "काय म्हणालास? सुलतान बाजार? सत्तावन साली?" आजी ब्याण्णव वर्षांची आहे. काठी टेकत बाहेर आली. "अरे, मी लग्न होऊन आले तरी मामंजी रेसिडेन्सी बाजारच म्हणायचे. साहेबाने १९३३ साली हा बाजार निजामाला परत दिला, त्यानंतर सुलतान बाजार नाव पडलं."

म्हणजे रिव्हॉल्वर १९०६ नंतरचं आणि कागद १९३३ नंतरचा. आजीने चष्मासुद्धा लावला नव्हता.

काकांनी शेवटचा मुद्दा काढला. "बरं, १९१० सालचं धर. शंभर वर्षं झालीच की. अँटिक झालं. लायसन्स लागत नाही म्हणतो तो."

इथे मात्र मला घाम फुटला. शंभर वर्षांची अट आहे ती १९७२च्या पुरावस्तू कायद्यात. बंदुकीला लागतो १९५९चा शस्त्र कायदा. त्याच्या ४५व्या कलमात जुनाट, पुराणमूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. आमच्या मध्यस्थाने तर घोडा आणि चाप चालतो हे दाखवणारा व्हिडिओही पाठवला होता! त्यातून ते .४५५ बोअरचं. हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, साध्या परवान्यावरही मिळत नाही. सोमवारी पैसे दिले असते, तर साठी उलटलेल्या काकांच्या कपाटात दीड लाखाचा गुन्हा येऊन बसला असता. शिक्षा तुरुंगाची.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच एका वकील स्नेह्यांना फोन लावला आणि संध्याकाळी आम्ही तिघं फोटो व नंबर घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. इसाराचे दहा हजार गेले ते गेलेच. मध्यस्थाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

तेव्हा मंडळी, कुणी 'ऐतिहासिक' शस्त्र दाखवलं, तर आधी परवान्याची कागदपत्रं मागा. वयाची चर्चा नंतर. नुसती हौस असेल, तर सालारजंग संग्रहालयात जा. तिथली शस्त्रं बघायला तिकीट पुरतं.

रविवारी आजीने तिची पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. तळाशी मामंजींच्या नावाचं एक पाकीट निघालं. पत्ता: रेसिडेन्सी बाजार, हैदराबाद दक्खन. टपालाचा शिक्का १९२९चा, स्पष्ट. काकांनी ते फ्रेमवाल्याकडे दिलंय. तुमच्या आजीच्या ट्रंकेतही बघा एकदा, आणि काही सापडलं तर मला कळवा.