डेंग्यूचा डास तुमच्या दिवाणखान्यात तर वाढत नाही ना?

डेंग्यूचा रुग्ण आला की सोबतचे नातेवाईक हमखास म्हणतात, "डॉक्टर, आमच्याकडे महापालिकेची धूरफवारणीच होत नाही!" मी विचारतो, "घरातल्या कुंड्या तपासल्यात का?" बहुतेक जण गप्प होतात.

हल्ली घरोघरी ब्रोमेलियाड दिसतं. लाल-केशरी तुरा, पानांच्या मधोमध पेला. "पेला भरलेला ठेवा," एवढंच विकणारे सांगतात. हा सल्ला अर्धवट आहे! एडिस डासाच्या मादीला अंडी घालायला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. उष्ण हवेत ८-१० दिवसांत अंड्याचा डास होतो. २०१६ मध्ये झिकाची साथ आली तेव्हा अमेरिकेतल्या मायामी बीच शहराने सार्वजनिक जागांतली ही झाडं काढून टाकली.

तुम्ही झाड टाकून देऊ नका. फक्त आठवड्यातला एक वार ठरवा. कुंडी आडवी करून पेला पूर्ण रिकामा करा, पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग ताजं पाणी भरा. वरून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पानाला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने टिकतात, म्हणून धुणं महत्त्वाचं. कुंडीखालची ताटलीही घासा. गावाला जाताना पेला रिकामा ठेवा. माती किंचित ओलसर असली तरी झाड तगतं.

धुराने उडणारे डास मरतात, पेल्यातल्या अळ्या नाहीत. महापालिकेला जाब जरूर विचारा. पण आज घरी गेल्यावर आधी तो पेला रिकामा करा.