अंगणातील अज्ञात फळ

बावीस अभक्ष्यांत ‘अज्ञात फळ’ हेही एक आहे. बालपणी मला ते अनावश्यक वाटे. ओळखीचे नसलेले फळ खाणार तरी कोण? गेल्या उन्हाळ्यात धरणगावी आलेल्या चार वर्षांच्या नातवाच्या मुठीत बिट्टीचे हिरवे फळ दिसले आणि उत्तर मिळाले. फळ अखंड होते, हे आमचे सुदैव.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आणि लाल-पांढरी कण्हेर आपण कुंपणाला लावतो, कारण जनावरे त्यांना तोंड लावीत नाहीत. ती का लावीत नाहीत, हे मात्र विचारीत नाही. दोन्हींच्या पाना-फुलांत व बियांत हृदयाची गती बिघडविणारे विष असते. वाळवून वा उकळून ते जात नाही. २०२४ साली केरळात कण्हेरीचे पान चघळल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय व्यक्त झाला, तेव्हा त्रावणकोर देवस्वोम मंडळाने नैवेद्य-प्रसादातून ते फूल वगळले.

गुंजेचे तर आपल्या व्यवसायाशीच नाते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हा हिशेब सराफी पेढ्यांवर मुखोद्गत असे. जुन्या तिजोरीत गुंजांची डबी आजही सापडते. कवच शाबूत असलेली बी गिळली गेल्यास पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी जीवघेणी ठरू शकते. एरंडाच्या बीचेही तेच. तेलात विष उतरत नाही, ते पेंडीत राहते. म्हणून गुलाबांसाठी आणलेली पेंड मुलांच्या व जनावरांच्या हाती लागू देऊ नये. दिवाणखान्यातील मनी प्लांट अळूच्या कुळातला. त्याने तोंड व घसा सुजतो, जिवावर सहसा बेतत नाही.

मुलाने असे काही खाल्ल्यास मीठपाणी पाजून उलटी करवू नये. पान वा फळ सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे, वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर कळवावे. मूल हसते-खेळते आहे म्हणून थांबू नये. कण्हेरीचा परिणाम काही तासांनीही दिसतो.

आमची बिट्टी तोडावी, असे मी घरात सुचविले. चातुर्मास तोंडावर आला असताना हिरव्या झाडावर कुऱ्हाड नको, असे सौभाग्यवतींनी स्पष्ट सांगितले. तेव्हापासून रोज सकाळी सामायिक आटोपल्यावर खाली पडलेली फळे मोजून वेचण्याचे काम माझ्याकडे आहे.