मृत्यूच्या कारणाचा रकाना

एप्रिल २०२२ मध्ये उदगीर नगरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे पंच्याण्णवावे अधिवेशन भरले. गावोगावचे साहित्यप्रेमी आले, शहराने त्यांचे मोठ्या मनाने स्वागत केले. बरोबर दोन वर्षांपूर्वी, एप्रिल २०२० मध्ये, याच शहराचे रस्ते ओस पडले होते आणि लातूर जिल्ह्यातील करोनाचा पहिला मृत्यू उदगीरनेच पाहिला होता. मांडवातून परतताना मनात एकच प्रश्न घोळत राहिला : या दोन वर्षांत आपल्यातून नेमकी किती माणसे गेली? आज इतकी वर्षे लोटल्यावरही त्याचे खात्रीचे उत्तर कोणाजवळ नाही; आणि त्याहून वाईट असे, की ते उत्तर नसल्याची खंतही कोणाला नाही.

हा विषय काढला की समजूतदार माणसे म्हणतात, "फादर, झाले ते झाले. गेलेल्यांना मोजून काय ती परत येणार आहेत?" या समजूतदारपणाविरुद्धच मला आज लिहायचे आहे. माझे म्हणणे सरळ आहे : महामारीत दगावलेल्याच्या मृत्यूचे खरे कारण लपवणे हे असत्य आहे, या असत्याचा जाच जिवंतांना होतो, आणि त्यात शासनाइतकेच आपणही भागीदार आहोत.

मोजल्याने काय होते, हे लातूर जिल्ह्याला तरी कोणी शिकवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर गावागणिक, घरागणिक गणना झाली. कोणत्या घरात किती गेले, कोण उरले, भिंत किती पडली, हे लिहिले गेले. म्हणून बावन्न गावे नव्या जागी वसवता आली. त्या नोंदींतही उणिवा होत्याच, परंतु नोंद होती. जे लिहिले गेले त्याचाच जाब मागता आला.

उलट उदाहरणही आपल्याच भूमीतले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी उदगीर निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. कोण कशाने मेले याची धड नोंद तेव्हा खेड्यापाड्यांत होत नसे. पुढे १९२१ ची जनगणना झाली तेव्हा हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे नऊ लाखांनी घटल्याचे उघडकीस आले. संपूर्ण हिंदुस्थानची लोकसंख्या घटल्याचे जनगणनेच्या इतिहासातील ते एकमेव दशक. त्या माणसांची नावे कोठेच नाहीत. दोन बेरजांमधील वजाबाकी एवढेच त्यांचे स्मारक. शंभर वर्षांनंतर, संगणक आणि दूरध्वनी हाताशी असताना, आपण आपल्या मृतांना पुन्हा वजाबाकीतच जमा करणार काय?

साथीचा माग काढणे म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे. ती पसरली किती, आणि ती मारक किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर केवळ तपासणी झालेल्या रुग्णांवरून मिळत नाही. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील सत्तर जिल्ह्यांत लोकांच्या रक्ताची पाहणी केली. महाराष्ट्रातील सहा जिल्ह्यांत आपल्या शेजारचे नांदेड, परभणी आणि बीड हे तीन होते. २०२० च्या मे-जूनमध्ये झालेल्या पहिल्या फेरीने सांगितले, की नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० जणांना संसर्ग होऊन गेलेला आहे. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्यांतील काहींना ती लसीमुळे मिळाली असतील हे खरे. पण त्या वेळी नोंदलेले रुग्ण होते जेमतेम तीन कोटींच्या आसपास.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हा एक भागाकार आहे : मृत्यू भागिले संसर्ग. संसर्ग किती याचा अंदाज रक्ताच्या पाहणीने तरी आला. परंतु भागाकारातील वरचा आकडा, म्हणजे मृत्यूंचा, तोच खोटा असेल तर रोग सौम्य होता की भयंकर होता हे कळणार कसे? "आपल्याकडे मृत्युदर कमी होता" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे, की तो वरचा आकडा त्यांनी कोठून आणला.

शासनाने २०२१ अखेरपर्यंत देशात करोनाचे सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यू जाहीर केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये वेगळ्या रीतीने हिशेब मांडला. नेहमीच्या वर्षी जेवढे मृत्यू अपेक्षित असतात त्यांहून किती अधिक झाले, हे पाहून २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा तिचा अंदाज होता. भारत सरकारने त्यास तीव्र आक्षेप घेतला : हे गणिती प्रारूप आहे, भारतासारख्या विशाल देशाला ते लागू पडत नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. अंदाज हा अंदाजच असतो. परंतु ज्याला दुसऱ्याचा अंदाज मान्य नाही त्याने आपली वही उघडावी. ही वही, म्हणजे नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल, उघडायला मे २०२५ उजाडला.

त्या वहीत काय निघाले? २०१९ मध्ये देशात नोंदलेले मृत्यू सुमारे ७६ लाख ४० हजार. २०२० मध्ये सुमारे ८१ लाख २० हजार. आणि २०२१ मध्ये तब्बल १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ! लोकसंख्या वाढते, नोंदणीही सुधारते, म्हणून ही सगळी वाढ करोनाच्या माथी मारता येणार नाही. पण सुधारलेली नोंदणी एका वर्षात एवढी उडी घेत नाही. याहून बोलका पुरावा शासनाच्याच दुसऱ्या अहवालात आहे. डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेल्या मृत्यूंत २०२० व २०२१ मिळून सुमारे ५ लाख ७४ हजार मृत्यू करोनाचे आहेत. म्हणजे जाहीर आकड्याहून हे अधिक; आणि वैद्यकीय कारण लिहिलेले मृत्यू तर एकूण नोंदींच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी! उरलेल्या तीन हिश्श्यांत कोणी करोनाने गेलेच नाही, असे मानायचे काय?

राज्यांनीही आपापली कबुली दिली आहे. बिहारने ९ जून २०२१ रोजी मृतांचा आकडा एका दिवसात साडेपाच हजारांच्या घरातून नऊ हजारांच्या पलीकडे नेला. त्याच महिन्यात महाराष्ट्राने राहून गेलेले हजारो मृत्यू मागाहून यादीत घातले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरले, तेव्हा महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक अर्ज आले.

येथवर शासनाचा हिशेब झाला. आता आपला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ एका खासगी रुग्णालयात वारले. ताप, खोकला, खालावत गेलेला प्राणवायू, सारी लक्षणे स्पष्ट होती. प्रमाणपत्रावर मात्र लिहिले होते : "हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने." वाचकहो, प्रत्येक मरणात हृदय व श्वास बंद पडतातच! ते मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे. असे लिहू नये अशी वैद्यक संशोधन परिषदेची २०२० पासूनची स्पष्ट सूचना होती. चाचणी झालेली नसली तरी लक्षणांवरून संशयित करोना अशी नोंद करण्याची सोयही होती. पण घरच्यांनाही ते वर्णन सोयीचे वाटले. "करोना लिहिले तर गल्लीत कोणी उभे करणार नाही, दफनाला कोणी येणार नाही," असे थोरला मुलगा मला काकुळतीने म्हणाला. मी आमच्या मृतांच्या नोंदवहीत लिहिले : "अल्प आजाराने." त्या वेळी ती मला करुणा वाटली. आज तिला मी भित्रेपणा म्हणतो.

कारण पुढे काय झाले? साहाय्याची योजना आली, तेव्हा त्या विधवेच्या हाती दाखवायला एकही खरा कागद नव्हता. कारणाची दुरुस्ती मागण्यासाठी जिल्हा समिती असते, हे तिला कोणी सांगितले नाही, मीही नाही. न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये घातलेली साठ दिवसांची मुदत निघून गेली. आपण तिची अब्रू वाचवली अशा समाधानात होतो, आणि प्रत्यक्षात तिचा हक्क बुडवला होता.

धर्मग्रामाची वही ही क्षुल्लक वस्तू नाही. दफनानंतर मृतांच्या नोंदवहीत नोंद करावी, हा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. लंडनमध्ये प्लेगचा माग काढण्यासाठी धर्मग्रामांचे लेखनिक दर आठवड्याला मृतांच्या याद्या देत असत. त्याच याद्यांवरून १६६२ मध्ये जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने आपला ग्रंथ लिहिला, आणि लोकसंख्येच्या शास्त्राचा पाया घातला गेला. मरणाचे कारण पाहायला नेमलेल्या म्हाताऱ्या स्त्रिया पैसे घेऊन लाजिरवाण्या रोगाच्या जागी क्षय सांगत, हेही ग्राँटने लिहून ठेवले आहे. साडेतीनशे वर्षांत आपण किती सुधारलो? त्या लाच घेत होत्या. आम्ही फुकटात खोटे लिहिले.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरतो. धर्मगुरूंनी २०२० व २०२१ च्या मृतांच्या नोंदी त्या त्या कुटुंबाला सोबत बसवून पुन्हा वाचाव्यात, आणि मूळ अक्षर न खोडता समासात सत्य लिहावे. घरात मृत्यू झाला तर एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी, आणि कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. २०२३ च्या सुधारित कायद्याने रुग्णालयातील मृत्यूत ती जवळच्या नातलगाला मिळायलाच हवी. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड : रोगाची लाज सोडावी. जो समाज आजारी माणसाच्या दाराकडे पाठ फिरवतो, तोच त्याच्या नातलगांना खोटे बोलायला शिकवतो. शासनाला जाब विचारण्याचा आपला अधिकार आपल्या वहीच्या खरेपणावरच उभा आहे.

त्या गृहस्थांच्या नोंदीशेजारी, त्यांच्या पत्नीच्या संमतीने आणि तिच्यासमोर, मी समासात खरे कारण लिहिले आणि खाली तारीख घातली. तिने ते दोनदा वाचले. म्हणाली, "फादर, हे तेव्हाच लिहायला हवं होतं." माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वर्षाच्या पानांवर अशा आणखी नोंदी आहेत. त्या घरांची दारे मला अजून ठोठवायची आहेत.