काका, हा उघडतो का हो?

परीक्षा संपली, की घरोघरी एकच लकडा सुरू होतो – "बाबा, नवा लॅपटॉप घेऊ या ना!" मग दुकानात बाबा किंमत विचारतात, आई वॉरंटीचं बघते. दोस्तांनो, तुम्ही आणखी एक प्रश्न विचारा : "काका, हा उघडतो का हो?"

हसू नका! लॅपटॉपमुळे हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड जातो, त्यातला अर्ध्याहून अधिक बहुतेक वेळा तो तुमच्या घरी येण्याआधीच जाऊन चुकलेला असतो. खाणीतून धातू काढताना, चिप्स बनवताना. मग चार वर्षांऐवजी आठ वर्षं चालेल, तोच लॅपटॉप पर्यावरणाला परवडणारा, नाही का? पण त्यासाठी बॅटरी बदलता यायला हवी, रॅम वाढवता यायला हवी. हल्लीच्या पुष्कळ सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डला चक्क सोल्डर केलेली असते. कमी पडली, तरी वाढवायची सोय नाही! फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर 'दुरुस्तीला किती सोपा' याचे दहापैकी गुण द्यायला लागले. आपल्याकडे निदान तोंडी परीक्षा तरी घ्या!

विजेचंही बघायचंच. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉपला वीज खूप कमी लागते. आणि स्क्रीनसेव्हरने वीज वाचते, हा निव्वळ गैरसमज बरं का. पडद्यावर मासे पोहत असले, तरी आतला दिवा जळतोच. त्यापेक्षा पडदा बंद करा.

पण थांबा, नवा हवाच का? विंडोज १०ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर 'जुनाट' ठरले. अशा कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं लिनक्स छान चालतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर रखडणारा गडीही पळायला लागतो.

नाहीतर तो जातो कुठे? उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला सर्किट बोर्ड जाळून त्यातले धातू काढत. ती काळी राख रामगंगेच्या काठावर साचली होती. म्हणून अगदीच मोडीत काढायचा झाला, तर भंगारवाल्याला नको, ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्या.

आज घरातला लॅपटॉप बंद करून उलटा धरा. खाली स्क्रू दिसतात का? किती? (मोजायचे फक्त! उघडायचा तो मोठ्यांना विचारूनच.)